सेवा केंद्रासाठी ऑल-इन-वन: दोन कोटेशनं आलीत, कुठलं घेऊ?

कोयनाकाठ

नमस्कार मंडळी. पाटणला माझं आपले सरकार सेवा केंद्र आहे. सध्याचा टॉवर चौथ्या जनरेशनचा आय३. त्यावर विंडोज ११ चढत नाही आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. लोकांचे आधार, पॅन, बँकेची पासबुकं माझ्याकडे येतात, तेव्हा हे मशीन आता नको. गाळा एवढासा आहे. टेबलावर प्रिंटर आणि भिंत यांच्यामध्ये जेमतेम दोन फूट जागा, टॉवर कायम पायात येतो. म्हणून ऑल-इन-वन, म्हणजे पडदा आणि कॉम्प्युटर एकाच खोक्यात, घ्यायचं डोक्यात आहे.

कराडच्या एका दुकानातून दोन कोटेशनं आणलीत.

अ: २३.८ इंच फुल एचडी आयपीएस, आय३-१२१५यू, ८ जीबी डीडीआर४, ५१२ जीबी एसएसडी, विंडोज ११ होम. साधारण पंचेचाळीस हजार.

ब: २७ इंच फुल एचडी, आय५-१३४२०एच, १६ जीबी एलपीडीडीआर५, ५१२ जीबी एसएसडी, विंडोज ११ होम. अडुसष्ट हजार.

दुकानदार म्हणतो, "ताई, ब घ्या, पाच-सात वर्षं बघायला नको." काम म्हणाल तर उत्पन्नाचे, अधिवासाचे, नॉन-क्रिमीलेअरचे अर्ज, सातबारे, आणि स्कॅन केलेला कागद पोर्टलला हव्या तेवढ्या केबीत कोंबणं. रिटर्नही भरते. जोडायला प्रिंटर, स्कॅनर, थंबचं मशीन, डीएससीचं (डिजिटल सहीचं) टोकन. जूनमध्ये निकाल लागले की रांग रस्त्यावर जाते. आणि पावसाळ्यात लाइट किती वेळा जाते ते विचारूच नका. तेवीस हजार जास्त घालण्यासारखं त्या 'ब'मध्ये काय आहे?

स्क्रू_ढिला

ताई, तुमच्या कोटेशनांत वरच्या चार ओळी आहेत, खालच्या नाहीत. प्रोसेसर, रॅम, एसएसडी, इंच. गिऱ्हाईक एवढंच विचारतं म्हणून दुकानदार एवढंच लिहितो. ऑल-इन-वनची खरी गोम खालच्या ओळींत असते.

मी सांगलीत मशीनं दुरुस्त करतो, ही नेहमी उघडतो. बऱ्याच मॉडेलांचं मागचं झाकण क्लिपांवर असतं. जुनं एटीएम कार्ड फटीत सारायचं आणि कडेकडेनं फिरवायचं, कटकट आवाज करत सुटत जातं. आत बघाल तर चक्क लॅपटॉप: लॅपटॉपची रॅम, लॅपटॉपचा पंखा, तांब्याची चपटी नळी, आणि वीज बाहेरच्या ॲडॉप्टरमधून. तुमच्या दोन्ही प्रोसेसरांच्या नावातला 'यू' आणि 'एच' हेच सांगतो, दोन्ही लॅपटॉपचे. त्यामुळे आज हे बदलू, उद्या ते बदलू ही टॉवरची चैन इथे नाही. रॅम आणि एसएसडी सोडलं तर जे घेतलं ते शेवटपर्यंत.

प्रोसेसरचं चटकन सांगतो. १२१५यू मध्ये दोन मोठे आणि चार छोटे कोअर, ८ थ्रेड. १३४२०एच मध्ये चार आणि चार, १२ थ्रेड. दुसरा दणकट आहे, वाद नाही. पण तुमचं काम ब्राउझर, पीडीएफ आणि स्कॅनर. सर्व्हर बसला की आय९ वरसुद्धा ते चक्र गोलगोलच फिरतं. व्हिडिओ एडिटिंग करत असता तर मीच म्हटलं असतं 'ब' घ्या.

रॅम मात्र ८ नको. ब्राउझरचे पंधरा टॅब, स्कॅनरचं सॉफ्टवेअर, व्हॉट्सॲप वेब (लोक कागद त्यावरच पाठवतात) आणि अँटिव्हायरस, एवढ्यात ८ भरते. 'अ'मध्ये डीडीआर४ लिहिलंय, म्हणजे बहुधा सुटी पट्टी. दुकानदाराला विचारा, स्लॉट किती आणि रिकामा आहे का. दुसरी ८ ची पट्टी बसली तर दोन पट्ट्या जोडीनं चालतात, त्याचाही फायदा. 'ब'मध्ये एलपीडीडीआर आहे. ती बोर्डावरच डकवलेली असते. १६ पुरेल तुम्हाला, पण उद्या ती बिघडली तर पट्टी बदलून सुटका नाही, बोर्डच बदलायचा.

आता स्क्रीन, कारण ऑल-इन-वन म्हणजे निम्मे पैसे स्क्रीनचेच. २७ इंच ऐकायला भारी वाटतं, पण पिक्सेल दोन्हीकडे तेवढेच, १९२० बाय १०८०. २३.८ वर इंचाला साधारण ९३ पिक्सेल पडतात, २७ वर ८२. हातभर अंतरावर बसून दिवसभर 'श्रीमती', 'ज्ञानेश्वर', 'कृष्णात' वाचायचं आहे तुम्हाला. मोठ्या पडद्यावर अक्षर मोठं दिसेल, पण जोडाक्षरं आणि उकार फुटल्यासारखे वाटतात. २७ मध्ये क्यूएचडी (याहून जास्त पिक्सेलचा पडदा) असतं तर गोष्ट वेगळी. शिवाय २७ इंची मशीनची रुंदीच साठ सेंटिमीटरच्या वर जाते. तुमचे दोन फूट म्हणजे एकसष्ट. बसवाल कसंबसं, पण बाजूचे पोर्ट भिंतीला टेकले तर पेनड्राइव्ह कुठून लावणार? तुमच्याकडे तर प्रत्येक जण पेनड्राइव्ह घेऊन येतो.

पोर्ट मोजा. प्रिंटर, स्कॅनर, थंब, टोकन हे चार झाले, कीबोर्ड-माउस वेगळाच. सोबत वायरलेस जोडी आली तर तिचा डोंगल एक पोर्ट खातो. बहुतेक मशीनांना चारच यूएसबी-ए असतात. हब, म्हणजे एका पोर्टाचे अनेक करणारा डबा, लागणार हे धरून चाला. स्वतःचा ॲडॉप्टर असलेला हब घ्या, आणि थंब व टोकन मात्र थेट मशीनलाच लावा, ती हबवर रुसतात. लॅनचा (वायरच्या नेटचा) पोर्ट आहे का तेही बघा. पातळ मॉडेलांत तो गाळलेला असतो.

आणि एचडीएमआय. नुसतं 'एचडीएमआय' लिहिलं असेल तर 'इन' की 'आउट' ते विचारा. आउट असेल तर एखादा जुना मॉनिटर काउंटरच्या पलीकडे गिऱ्हाइकाकडे तोंड करून ठेवा. अर्ज सबमिट व्हायच्या आधी आपलं नाव, जन्मतारीख त्यानंच बघायची. सेवा केंद्राला यापेक्षा उपयोगाचं फीचर नाही, आणि कोटेशनात नेमकं तेच नाही!

रात्रपाळी

मी ॲपलचा २४ इंची आयमॅक वापरतो. ४.५के पडदा, म्हणजे ४४८० बाय २५२०. मराठी अक्षर छापल्यासारखं दिसतं. जाडी ११.५ मिलिमीटर. एकदा बघाच.

स्क्रू_ढिला

पडद्याबद्दल शंभर टक्के मान्य, त्या किमतीत दुसरं तसं नाही. पण एम४ चिपच्या सगळ्यांत स्वस्त आयमॅकला मागे फक्त दोन टाइप-सी पोर्ट, आणि लॅन हवं तर जादा पैसे. आपल्याकडची थंबची मशीनं, टोकनं यांचे ड्रायव्हर विंडोजचा विचार करून बनतात. ताईंनी रांग सांभाळायची की ड्रायव्हर शोधत बसायचं?

नाना_हिंजवडी

मिनी पीसी घेऊन मॉनिटरच्या पाठीला वेसा माउंटवर (मागच्या स्क्रूंच्या पट्टीवर) का नाही लावत? जागा तेवढीच, आणि एक बिघडलं तर दुसरं चालू.

स्क्रू_ढिला

नाना, माझ्या घरी तेच आहे. पण मग मिनी पीसीचा ॲडॉप्टर, मॉनिटरची वायर, वेबकॅम, स्पीकर, सगळं वेगवेगळं. आणि वॉरंटी दोन ठिकाणची. ताईंच्या जागेवर मी ऑल-इन-वनच घेतलं असतं.

लाइटचं राहिलं. ही मशीनं साधारण ९० वॅटच्या ॲडॉप्टरवर चालतात आणि अर्ज भरताना त्याहून बरीच कमी ओढतात. तुमचा ६०० व्हीएचा यूपीएस असेल तर टॉवर-मॉनिटरपेक्षा जास्त वेळ तग धरेल. राउटर त्यावरच टाका. लेझर प्रिंटर असेल तर तो चुकूनही यूपीएसवर नको, आतला फ्यूजर (टोनर कागदावर पक्का करणारा गरम रोलर) तापताना एकदम झटका ओढतो आणि यूपीएस बोंबलतो.

वॉरंटी ऑनसाइट आहे का, आणि तुमच्या पिनकोडला आहे का, हे लेखी घ्या. नाहीतर चोवीस इंची खोकं मांडीवर घेऊन एसटीनं कराड गाठायचं.

कोयनाकाठ

दादा, खूप आभार. दुकानदाराला फोन केला, त्यानं 'अ'च्या पाठीचा फोटो पाठवला. यूएसबी चार, त्यातले दोन २.० चे. लॅन आहे, एचडीएमआय आउट आहे. रॅमचे स्लॉट दोन, एक रिकामा. ऑनसाइट एक वर्ष, पाटणचा पिनकोड चालतो. 'अ' घेते आणि ८ ची पट्टी वाढवते. जुना मॉनिटर आहेच, तो पलीकडे तोंड करून ठेवीन. पट्टी दुकानातच बसवून देतो म्हणाला. त्यानं वॉरंटी जाईल का?

स्क्रू_ढिला

कंपनीकंपनीचं वेगळं असतं, म्हणून दुकानदाराच्या शब्दावर राहू नका. कंपनीच्या टोल-फ्रीवर मॉडेल नंबर सांगून आधी विचारा. ते हो म्हणाले तर पट्टी ३२०० मेगाहर्ट्झची, लॅपटॉपच्या मापाची, आणि बिलावर तिची कंपनी नि सिरियल नंबर लिहून घ्या. मशीन ताब्यात घेताना टास्क मॅनेजरमध्ये मेमरीवर क्लिक करा, 'स्लॉट्स यूज्ड'पुढे दोनपैकी दोन दिसले पाहिजेत. २.० च्या दोन पोर्टांत कीबोर्डचा डोंगल आणि थंब, त्यांना तेवढा वेग पुष्कळ झाला. उरलेल्या दोनांत एक टोकन, एक हब. प्रिंटर वायफायचा असेल तर तो राउटरवरूनच जोडा, हबवर एक जागा पेनड्राइव्हला मोकळी राहील.