राइट बंधूंनी पेटंट घेतलं, यात चूक काय?

टर्नरकाका
परवा इथे एक लेख आला. राइट बंधू लोभी होते, कोर्टकचेऱ्या करून त्यांनी अमेरिकेची विमानं वाढू दिली नाहीत, म्हणून पहिल्या महायुद्धात अमेरिकन पोरांना फ्रेंचांची स्पाड आणि न्यूपोर ही लढाऊ विमानं घेऊन लढावं लागलं, असं त्यात म्हटलंय. वाचून माझं डोकं फिरलं. चार ओळींत भागणार नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

१८९९ साल. अमेरिकेतल्या डेटन गावी, राइटांच्या सायकलच्या दुकानात थोरला भाऊ विल्बर गिऱ्हाइकाशी बोलत उभा होता. हातात ट्यूबचं रिकामं खोकं. बोलता बोलता ते पिळलं गेलं, एका बाजूची कड वर, दुसरीकडची खाली. पंख पिळायचा विचार तिथून आला. मग किटी हॉकच्या वाळूत तीन हंगाम ग्लायडर. १९०२ च्या ग्लायडरवर माणूस पालथा झोपायचा आणि कंबरेखाली सरकता पाळणा असायचा. कंबर सरकवली की तारा ओढल्या जायच्या, पंखांची टोकं पिळायची आणि मागचं सुकाणूही सोबत वळायचं. पेटंटचा अर्ज आहे २३ मार्च १९०३ चा, इंजिन लावून उडाले १७ डिसेंबरला. म्हणजे पेटंट इंजिनाचं नव्हतंच, हवेत तोल राखण्याचं होतं. लेखात याचा उल्लेखसुद्धा नाही. पहिला अर्ज त्यांनी स्वतः लिहिला, तो नाकारला गेला. मग हॅरी टूलमिन नावाचा वकील केला आणि २२ मे १९०६ ला पेटंट मिळालं.

आता माझं ऐका. मी शेंगा फोडायचं यंत्र केलं होतं, जाळी मागेपुढे करता येईल असं. एका मोठ्या कारखान्याने ‘नमुना बघू’ म्हणून एक विकत घेतलं. आठ महिन्यांनी तेच यंत्र कृषी प्रदर्शनात उभं, फक्त रंग वेगळा. माझ्याकडे पेटंटचा कागद नव्हता. राइटांकडे होता, आणि तो त्यांनी वापरला. त्यात लोभ कसला?

घाटमाथा
काका, तुमच्यावर अन्याय झाला, त्याबद्दल वाद नाही. पण तुम्ही अर्धीच गोष्ट सांगताय. राइट पंख पिळण्यापुरते थांबले असते तर कोण बोललं असतं? ग्लेन कर्टिस हा दुसरा अमेरिकन विमानवाला. त्याच्या विमानात पंख पिळत नव्हते, एलेरॉन होते, म्हणजे तोल राखायला पंखांना लावलेल्या वेगळ्या हलत्या पट्ट्या. तेही आमच्याच पेटंटात येतं असा दावा त्यांनी लावला, आणि जानेवारी १९१४ मध्ये अपील कोर्टातही तो टिकला. इंग्लंडमध्ये बोल्टन नावाच्या गृहस्थाने १८६८ सालीच एलेरॉनसारख्या रचनेचं पेटंट घेतलं होतं! शेवटी १९१७ मध्ये युद्ध अंगावर आल्यावर सरकारने रेटा लावला, सगळ्यांची पेटंटं एकत्र आणली आणि विमानामागे २०० डॉलर ठरवून वाद मिटवला.

मोटारींचंही तेच. जॉर्ज सेल्डनने १८७९ मध्ये अर्ज केला, दुरुस्त्या करत तो १८९५ पर्यंत लोंबकळत ठेवला, आणि मग सगळ्या मोटारवाल्यांकडून पैसे मागितले. एकटा हेन्री फोर्ड अडला म्हणून १९११ मध्ये सुटका झाली. कागदाची ताकद ही अशीही असते.

टर्नरकाका
सेल्डन आणि राइट एका तागडीत? सेल्डन वकील होता, कागदावर बसून राहिला. हे दोघे वाळूत हाडं मोडून घेत होते. बोल्टनचा कागद १८६८ पासून पडून होता, त्यावर उडालं कोण?

आणि कर्टिस काय धुतल्या तांदळाचा? राइटांनी १९०८ मध्येच पत्र लिहून बजावलं होतं, तरी त्याने विमानं विकली. पुढे १९१४ मध्ये सॅम्युएल लँग्ली या शास्त्रज्ञाचं जुनं विमान बाहेर काढलं, जे १९०३ मध्ये पोटोमॅक नदीत दोनदा पडलं होतं. त्यात फेरफार करून ते हॅमंड्सपोर्टच्या तळ्यावर उडवून दाखवलं. कशासाठी? राइटांच्या आधीच उडू शकणारं विमान होतं असं म्हणता यावं म्हणून. लँग्ली ज्या संस्थेचा प्रमुख होता, त्या वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियननेही तेच उचलून धरलं. धाकटा भाऊ ऑरविल इतका दुखावला की १९०३ चं मूळ विमान १९२८ साली त्याने लंडनला धाडलं. ते परत आलं १९४८ मध्ये, तो गेल्यावर. याला मी चोरीच म्हणतो.

नांदेडकर
राइट आणि कर्टिस दोघांनाही बाजूला ठेवा. १८९५ मध्ये शिवकर बापूजी तळपदे यांनी मुंबईच्या चौपाटीवर विमान उडवलं. इंग्रजांनी ते दाबलं. पेटंट त्यांचं असायला हवं होतं, यावर कुणी चकार शब्द काढत नाही.

सुलभा_गिरगाव
नांदेडकर, कुठल्या तारखेला? कुठल्या वर्तमानपत्राच्या कुठल्या अंकात? हा दावा मी लहानपणापासून ऐकतेय आणि तो खरा निघावा असं मला मनापासून वाटतं. पण ज्या ‘वैमानिक शास्त्र’ नावाच्या, प्राचीन म्हणून सांगितल्या जाणाऱ्या ग्रंथाचा दाखला दिला जातो, त्याचा १९७४ मध्ये बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी अभ्यास केला. त्यातली विमानं उडूच शकत नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष आहे.

नांदेडकर
आपल्या माणसाचं काही निघालं की पुरावा मागायचा, गोऱ्यांचं निमूट मानायचं! माझे पणजोबा तेव्हा ठाकुरद्वारला राहायचे. त्यांनी आजोबांना सांगितलं, आजोबांनी मला. ते खोटं बोलत होते का?

सुलभा_गिरगाव
पणजोबांना खोटं कोण म्हणतंय? मी कागद मागतेय. आपल्याकडे १८८८ चा पेटंटचा कायदा होता. अर्ज केला असता तर वर्णन आणि आकृती द्यावी लागली असती, आणि आज आपण भांडत बसलो नसतो. पेटंटचा हा उपयोग या चर्चेत कुणी बोललंच नाही. आपलं यंत्र कसं चालतं हे त्यात लिहून द्यावं लागतं.

आपलाच माणूस हवा असेल तर शंकर आबाजी भिसे घ्या ना! मुंबईचे, जन्म १८६७ चा. छापखान्याचे खिळे, म्हणजे छपाईची धातूची अक्षरं, ओतायचं यंत्र केलं, लंडनला गेले. दादाभाई नौरोजींनी पाठीशी उभं राहून मदत केली, सर रतन टाटांनी पैसा घातला. पेटंटं घेतली, म्हणून त्यांनी काय केलं ते आज दाखवता येतं. माझे वडील कंपोजिटर होते, छापखान्यात खिळे जुळवायचे. संध्याकाळी घरी यायचे तेव्हा नखांत शिसं आणि शाई असायची, आई आधी हात धुवायला पाठवायची. भिशांचं नाव मी त्यांच्याच तोंडून पहिल्यांदा ऐकलं. आणि काका, हे तुमच्यासाठी: पेटंटं असूनही भिशांना भांडवलासाठी दारोदार फिरावं लागलं. १९३५ मध्ये न्यूयॉर्कमध्ये वारले. नुसत्या कागदाने पोट भरत नाही.

नांदेडकर
भिसे मोठे होतेच. तळपद्यांबद्दल मी मागे हटणार नाही. अंक शोधतो.

घाटमाथा
शोधा, मिळाला तर मी पहिला वाचेन.

काका, लँग्लीच्या विमानाचं कर्टिसने जे केलं ते वाईट होतं, एवढं मान्य. पण विल्बरचं बघा. शेवटची वर्षं वकिलांत आणि जबान्यांत गेली, १९१२ च्या मे महिन्यात टायफॉइडने गेला, वय ४५. ज्या डोक्यातून ते पिळलेलं खोकं आलं, त्या डोक्याने त्या काळात नवीन विमान किती केलं? मला राग त्याचा येतो.

टर्नरकाका
हे मात्र लागलं. एलेरॉनवर दावा लावला तो जास्त झाला असेल, यापुढे मी जाणार नाही.

पण एक राहिलं. त्या प्रदर्शनात मी यंत्राखाली वाकून जाळी बघितली होती. माझ्या पहिल्या नमुन्यात ड्रिल घसरून तिसऱ्या ओळीतलं एक भोक सूतभर तिरकं गेलं होतं. त्यांच्या जाळीतही तिसऱ्या ओळीत तेच भोक, तितकंच तिरकं. स्टॉलवरचा पोरगा मला माहितीपत्रक देत होता.