मदत हवी आहे: कोणाचं बालपण चांगलं?

नमस्कार मंडळी, जरा मदत हवी होती. मुलगा सातवीत आहे, त्याने विचारलं की आई तुझं बालपण चांगलं की माझं, आणि मला खरंच उत्तर देता आलं नाही.

आमच्या आईचं लहानपण लालबागच्या चाळीत, दहा बाय बाराच्या खोलीत नऊ माणसं, संडास कॉमन, पण सगळ्यांची दारं उघडी, कुणाच्याही घरी जेवून यायची. मी पण तिथलीच. 18 जानेवारी 1982 ला गिरणी संप सुरू झाला तेव्हा मी चार वर्षांची, बाबांचं काम गेलं आणि पुढची कितीतरी वर्षं आईने खानावळ चालवली, ते दिवस चांगले होते असं मी म्हणूच शकत नाही. पोलिओने पाय गेलेली मुलं आमच्याच गल्लीत होती, आज 2014 पासून देश पोलिओमुक्त आहे, हे केवढं मोठं आहे! पण माझा मुलगा अठराव्या मजल्यावर एकटाच असतो हो, संध्याकाळी खाली खेळायला कोणी नसतं.

तर चाळीत वाढलेल्यांनी प्लीज खरं खरं सांगा, तेव्हा काय चांगलं होतं आणि काय नको होतं? आणि परळ-लालबागला मुलं अजून रोज कुठे खेळतात, कुणाला माहितीये का?