बाबांना तर्री-पोहे हवेत, माझ्या रश्शावर तर्रीच येत नाही

धरमपेठ_ते_कोथरूड

नमस्कार मंडळी. मी मूळची नागपूरची, आता बरीच वर्षं पुण्यात कोथरूडला. बाबा मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी माझ्याकडे आलेत. एका डोळ्याचं झालं, दुसऱ्याचं दिवाळीनंतर, त्यामुळे मुक्काम लांबलाय. डॉक्टरांनी खाण्यापिण्यावर काही बंधन घातलेलं नाही.

दुपार-रात्रीच्या जेवणाचं काही अडत नाही. पानात जे वाढेन ते मुकाट्यानं जेवतात. अडतं ते सकाळी. नागपुरात त्यांचा वर्षानुवर्षांचा क्रम आहे: पहाटे अंबाझरी तलावाकडे फिरायला, येताना शंकरनगर चौकाजवळच्या ठेल्यावर मित्रांबरोबर तर्री-पोहे (पोह्यांवर काळ्या हरभऱ्यांचा तिखट रस्सा आणि त्यावरचा लाल तेलाचा तवंग, म्हणजेच तर्री), मग कटिंग, मग घरी येऊन पेपर. इथे मी कांदेपोहे करते, ते खातात, पण खाताना चमचा प्लेटच्या कडेला दोन-तीनदा टेकवतात. ठेल्यावर ‘अजून थोडी तर्री’ म्हणायची ती खूण. हाताला सवयच आहे ती. मला बघवत नाही.

एकदा त्यांना जवळच्या एका हॉटेलात घेऊन गेले. नाव लिहीत नाही. पाटीवर मोठ्या अक्षरांत ‘नागपुरी तर्री पोहे’. आलं काय, तर गोडसर पोहे आणि वाटीत मिसळीचा मटकीचा कट, वर टोमॅटोच्या फोडी तरंगताहेत. बाबांनी संपवलं, पैसे द्यायला मला हातही लावू दिला नाही, आणि बाहेर आल्यावर म्हणाले, ‘उगाच त्रास घेतला बेटा.’ आमच्या कॉलनीबाहेरच्या टपरीवर पोह्यांवर सांबार मिळतं, ते त्यांना दाखवायचीही माझी हिंमत नाही.

म्हणून घरीच करायचं ठरवलं. काळे हरभरे रात्री भिजवले, कुकरमध्ये शिजवले. कांदा, टोमॅटो, आलं-लसूण, सुकं खोबरं मिक्सरमधून काढून फोडणीत परतलं, तिखट-मसाला घातला, थोडे हरभरे पळीनं ठेचून रस्सा मिळून आणला. चव बरी होती. पण ती उसळ झाली. दाटसर, तपकिरी, वर तवंग नाही. शेवटी वरून कच्चं लाल तेल सोडून बघितलं, तर नुसता तेलाचा वास.

ठेल्यावरचा रस्सा पाण्यासारखा पातळ असतो, वर लालभडक तर्री असते आणि तरी प्रत्येक घोट चवीला भरलेला असतो. हे होतं कसं? मसाला कोणता? आणि पोहे किती कोरडे ठेवायचे? ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी जरा सविस्तर लिहा, प्लीज.

तेलंगखेडी

ताई, तुम्ही सारं उसळीसारखं करून राहिल्या, म्हणून ती उसळच होते.

माझ्या मोठ्या काकांची सीताबर्डीत पोह्यांची गाडी होती. कॉलेजात असताना मी पहाटे त्यांच्या हाताशी असायचो, कांदा चिरायला आणि प्लेटा लावायला. गाडी आता नाही, काकाही नाहीत, पण रस्सा मी आजही तसाच करतो. म्हणून जरा मोठं लिहितो, वाचून घ्या.

पहिले तर टोमॅटो काढून टाका. तर्रीच्या रश्शात त्याचं काही काम नाही. दुसरं, हरभरे ठेचू नका. ठेचलेल्या हरभऱ्याचं पीठ पाण्यात मिसळलं की रस्सा मिळून येतो, आणि मिळून आलेल्या रश्श्यातून तेल वर येत नाही, आतच अडकून बसते. तुम्हाला तर रस्सा फुटायलाच हवा आहे: खाली पाणी, वर तेल. उसळीत जो दोष धरतात तोच इथे गुण आहे. म्हणूनच बेसन, दाण्याचं कूट, काहीही दाट करणारं घालायचं नाही.

आता तेल. पाव किलो हरभऱ्याला अर्धी वाटी तरी लागते. कमी तेलात तर्री मागू नका, मिळणार नाही. रोज खायचं नाही न, मग आठवड्यातून एकदा हात आखडू नका. तिखटाचा लाल रंग तेलात उतरतो, पाण्यात नाही. म्हणून तिखट कधी घालता यावर सगळं आहे.

क्रम असा. तीन मोठे कांदे उभे चिरून थोड्या तेलात चांगले तांबूस करा, त्यातच अर्धी वाटी सुकं खोबरं, चमचाभर खसखस, पंधरा-वीस लसणाच्या पाकळ्या आणि बोटभर आलं भाजा. गार झाल्यावर पाणी कमीत कमी घालून बारीक वाटा. कच्चा कांदा वाटू नका, तो पाणी सोडत राहतो आणि परतायला जन्म जातो. उरलेलं सगळं तेल तापवून तेजपान आणि मसाला वेलची टाका, मग वाटण. आच मध्यम. इथे घाई करायची नाही. काका मला गंजाजवळ (म्हणजे मोठ्या पातेल्याजवळ) उभं करून दाखवायचे: आधी मोठमोठे बुडबुडे येतात आणि मसाला तळाला चिकटतो. ते पाणी उडून राहिलं असते. मग बुडबुडे बारीक होतात, मसाल्याचा गोळा होऊन पळीबरोबर फिरायला लागतो आणि कडेकडेनं तेल सुटून चमकते. तोवर गंजापासून हलायचं नाही. घरच्या गॅसवर वीस-पंचवीस मिनिटं सहज जातात.

आता गॅस अगदी बारीक करा किंवा बंदच करा, मग तिखट, हळद, धणेपूड आणि गरम मसाला. जळकं तिखट काळं पडते आणि कडू लागते. अर्धा मिनिट हलवून लगेच एक पळी हरभऱ्याचं पाणी ओता. याच वेळी वर आलेलं लाल तेल दोन-तीन चमचे वाटीत काढून ठेवा. गाडीवर हे करत नाहीत, तिथे गंज एवढा मोठा असते की वरच्या वर पळीनं तर्री मिळते. घरी लहान भांड्यात हे काढून ठेवलेलं तेल वाढताना कामी येते. तुम्ही वरून सोडलं ते कच्चं तेल होतं, हे मसाल्यात शिजलेलं आहे, फरक पहिल्याच घासाला कळते.

मग हरभरे त्यांच्या काळ्या पाण्यासकट घाला. ते पाणी फेकत असाल तर अर्धी चव मोरीत गेली. वरून घालायचं पाणी उकळतं घ्या, गार नाही. रस्सा तुम्हाला वाटते त्याहून पातळ ठेवा. एक उकळी आली की झाकण न लावता मंद आचेवर अर्धा तास. खळखळ उकळायचं नाही आणि सारखं ढवळायचंही नाही, नाही तर तेल पुन्हा पाण्यात मिसळते. गॅस बंद करून दहा मिनिटं तसंच राहू द्या. तर्री आपोआप वर येऊन बसेल.

मिरची: आमच्याकडे भिवापूरची. नागपूर जिल्ह्यातली, भौगोलिक मानांकन मिळालेली. पुण्यात नाही मिळाली तर रंगाला ब्याडगी आणि तिखटपणाला लवंगी किंवा संकेश्वरी, दोन्ही मिळून तीन-चार चमचे. मसाल्यात दगडफूल विसरू नका. तो जो मातीसारखा खोल वास येते न ठेल्यापाशी, तो त्याचाच. धणे, जिरं, शहाजिरं, लवंग, दालचिनी, मिरी हे तर आहेच. पुण्याचा गोडा मसाला यात चालत नाही. चांगला असते तो, पण आमटीत.

वाढताना पोहे आधी, मग हरभऱ्यासकट रस्सा, मग तर्री, मग बारीक कांदा, शेव, सांबार (आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात) आणि लिंबाची फोड. वडिलांच्या हाताला जी सवय आहे न, तिच्यासाठी तर्रीची वाटी वेगळी जवळ ठेवा. ठेल्यावर कुणी एकदाच वाढून मोकळा होत नाही.

पेठेतली_सुगरण

वरचा प्रतिसाद वाचून आत्ताच हरभरे भिजत घालावेसे वाटले. रश्श्याबद्दल मी काही बोलणार नाही, पोह्यांबद्दल मात्र सांगते, कारण ते आम्ही उठता-बसता करतो.

रस्सा घालायचा असेल तर पोहे जाडच हवेत. पातळ पोह्यांचा लगदा होतो. आणि ते भिजवायचे नाहीत, धुवायचे. चाळणीत घेऊन वाहत्या पाण्याखाली हलक्या हातानं फिरवायचे आणि पाच-सात मिनिटं निथळत ठेवायचे. दाणा बोटांत दाबला की तुटावा पण चिकटू नये. मीठ आणि हळद पोह्यांनाच चोळून ठेवली की फोडणीत फार परतावं लागत नाही. झाकण ठेवून एकच वाफ. एरवी मी शेवटी दुधाचा हबका देते, तो इथे नको. तर्री पिऊन घ्यायला पोह्यांत जागा राहिली पाहिजे.

साखर मी चिमूटभर घालेनच. तेलंगखेडी यांना पटणार नाही, पण एवढ्या तिखटाला ती लागते असं माझं ठाम मत आहे.

मिरची-मसाल्यासाठी डिसेंबरात भीमथडी जत्रेला चक्कर मारा. राज्यभरातल्या बचत गटांचे स्टॉल असतात. मी तिथून दरवर्षी तिखट आणते. तोवर दगडफूल रविवार पेठेतल्या मसाल्याच्या दुकानांत सुटं मिळेल. वास घेऊन घ्या, जुनं असेल तर नुसता पालापाचोळा.

तेलंगखेडी

साखर नको बाप्पा! कांदा तांबूस भाजला की त्याचाच गोडवा पुरते. बाकी पोह्यांचं तुम्ही सांगितलं ते शंभर टक्के बरोबर आहे. दाणे घालायचे तर घाला, मात्र कढीपत्ता आणि हिरवी मिरची हात राखून, कारण पोहे सौम्यच हवेत. सारं काम रश्श्याचं आहे.

हिंजवडी_फेज_दोन

मी वर्ध्याचा, इथे तीन पोट्टे मिळून राहतो. आमच्याकडे रस्सा केला की जास्तीचाच करतो, कारण संध्याकाळी त्यात आलूबोंडा. आलूबोंडा गरम तळायचा, वाटीत अर्धवट फोडायचा आणि वरून रस्सा. सामोसाही चालतो. थंडीत, पावसात, कंपनीतून वैतागून आलो की याच्यासारखं काही नाही. ताई, बाबांना हेही द्या, नागपूरकर नाही म्हणायचा नाही.

एक उपयोगाची गोष्ट: हरभरे भिजवताना पाण्यात चमचाभर मीठ टाका. साल मऊ पडतं आणि आतपर्यंत चव जाते. कुकरला पाच-सहा शिट्ट्या, मग वाफ आपली आपण जाऊ द्या.

धरमपेठ_ते_कोथरूड

सगळ्यांचे मनापासून आभार. रविवारी केलं, आणि आधी निकाल सांगते: तर्री आली! भांड्यावर बोटभर नाही, पण सलग, लाल, कडेपासून कडेपर्यंत.

मसाला परतताना बाबा स्वयंपाकघरात येऊन बसले. ऑपरेशननंतर त्यांना ठसक्याचा त्रास नको म्हणून मी बाहेर जा म्हणत होते, ते हलले नाहीत. बुडबुडे मोठ्याचे बारीक होतात हे तेलंगखेडी यांनी लिहिलं नसतं तर मी दहाव्या मिनिटालाच पाणी ओतलं असतं. तोवर तेल सुटल्यासारखं दिसतही होतं. पण खरं सुटलं ते त्यानंतर, आणि तेव्हा वासच बदलला. बाबा म्हणाले, ‘आता आलं.’

दगडफूल रविवार पेठेतून आणलं. तिखट ब्याडगी-संकेश्वरी निम्मं निम्मं. साखर घातली नाही (पेठेतली_सुगरण, रागावू नका, पुढच्या वेळी माझ्या प्लेटमध्ये घालून बघेन). तर्रीची वाटी वेगळी ठेवली होती. त्यांनी चमच्यानं नाही, वाटीच उचलून पोह्यांवर रिकामी केली. दुसऱ्यांदा पोहे घेतले. मग फोन लावून नागपूरच्या मित्राला ‘इथे पोरीनं केलं’ म्हणून सांगितलं, आणि त्या काकांनी पलीकडून रश्श्यात काय काय घातलं याची माझी उलटतपासणी घेतली. टोमॅटो नाही म्हटल्यावर पास झाले.

आता दोन प्रश्न. रस्सा फ्रिजमध्ये दोन दिवस राहिला तर पुन्हा गरम करताना तर्री टिकते का? आणि बाबांनी पुढच्या शनिवारसाठी पाटोडी रस्सा सांगितलाय. आई करायची, मी कधी केलेला नाही. वड्या रश्शात विरघळू नयेत म्हणून बेसन किती घट्ट शिजवायचं?

तेलंगखेडी

वाचून फार बरं वाटलं ताई.

टिकते. गरम करताना आधी वरची तर्री पळीनं वाटीत काढा, खालचा रस्सा थोडं उकळतं पाणी घालून मंद आचेवर तापवा, मग तर्री परत वर सोडा. मायक्रोवेव्हमध्ये ढवळून गरम कराल तर सगळं एक होईल. हरभरा रात्रभर रस्सा पितो, म्हणून मीठ पुन्हा चाखा.

पाटोडीचं बेसन झुणक्यापेक्षा घट्ट हवं. एक वाटी बेसनाला साधारण दीड वाटी पाणी. हाटताना गोळा कढईच्या कडा सोडायला लागला आणि ओल्या बोटाला चिकटेनासा झाला की तेल लावलेल्या ताटात थापा, वरून खोबरं-खसखस आणि सांबार दाबून बसवा. पुरतं गार झाल्याशिवाय वड्या कापायच्या नाहीत. रस्सा हाच, फक्त हरभरे नाहीत, आणि वड्या वाढायच्या वेळीच सोडायच्या. आधीपासून रश्शात ठेवल्या तर फुगून फुटतात. सोबत ज्वारीची भाकर करा.