लेखन मंडळात पहिल्यांदा गेलात तेव्हा काय झालं? लिहा की!

अनगोळची_पोर:
काल बेळगावात गणपत गल्लीत भाजी घेताना एक ओळखीचे काका भेटले, हातात मेथीच्या पेंड्या, मला बघितल्या बघितल्या म्हणाले "काय मग, लिहितीस की सोडलंस?" घरी येईपर्यंत डोक्यात तेच. कॉलेजात असताना ह्याच काकांनी मला टिळकवाडीत एकांच्या घरी भरणाऱ्या कवितेच्या बैठकीला नेलेलं. आपल्या गावात इंदिरा संत राहिल्या, त्या गावात मी काय वाचणार, म्हणून हातपाय गार. कवितेचा कागद इतक्यांदा घडी घालून उघडलेला की मधली एक ओळ घडीवर येऊन पुसलेली. नंबर यायच्या आत तिथंच बसून दुसरी ओळ जुळवली, आणि सगळ्यांना नेमकी तीच आवडली! बाकीच्या कवितेबद्दल कोण एक शब्द बोललं नाही 😄 तुमचं काय झालं, सांगा.

चहा_साखर_कमी:
मंडळ म्हणजे हॉल भरलेला असणार म्हणून इस्त्रीचा शर्ट घालून गेलो तर चारपाच डोकी, त्यातल्या एकाला ऐकू कमी. अध्यक्ष म्हणाले "थोडक्यात वाचतो" आणि खंडकाव्यच काढलं. मध्येच लाईट गेली, वाटलं सुटलो, तर कुणीतरी मोबाईलचा टॉर्च धरला. तो धरणारा मीच होतो, शेजारी बसलेलो, काय करणार.

मलप्रभाकाठ:
माझी शाळा कन्नड माध्यमाची, घरी सगळं मराठी. कथा लिहून नेली ती कन्नड लिपीत. म्हणजे भाषा मराठीच, अक्षरं तेवढी कन्नड, हाताला तीच सवय. खडाखडा वाचली. सर म्हणाले छान आहे, कागद द्या, शुद्धलेखन बघून देतो. दिला. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला, कागद मागून पुढून बघितला आणि म्हणाले "तुम्हीच वाचा परत एकदा, ऐकून सांगतो."

अनगोळची_पोर:
अगं बाई 😂😂 कोण हसलं नाही ना?

मलप्रभाकाठ:
नाही गं. कोपऱ्यातले एक आजोबा म्हणाले आमच्या दुकानाची उधारीची वही पण अशीच हाय. आता देवनागरीत लिहिते, पण घाईत असले की हात तिकडंच वळतो.

कडोलीचा_पावणा:
आमचं कट्टा बिट्टा काय नाही, डायरेक्ट गावचं संमेलन. बेळगाव तालुक्यात कडोली, येळ्ळूर, उचगाव, सांबरा, गावोगावी मराठी साहित्य संमेलनं भरतात, हिवाळ्यात रविवार मोकळा मिळेल तर शपथ. सकाळी ग्रंथदिंडी, टाळमृदंग, मग भाषणं, मग जेवण, आणि जेवणानंतर कवी संमेलन. भात आमटी खाऊन अर्धा मांडव पेंगतोय तेव्हा कवीला उभं करायचं ज्याच्या डोक्यात आलं त्याचा खरं तर सत्कार करायला पाहिजे. मी वाचली उसाच्या बिलावर, तेव्हा कारखान्यानं पैसे थकवलेले. पेंगणारे सगळे ताठ बसले बघा. मागून एकजण ओरडला, "चेअरमनला बोलवा की गा ऐकायला!" त्यापुढं कविता राहिली बाजूला, कुणाचं किती अडकलंय ह्याच्यावरच चर्चा. पुढचा कवी माईकजवळ ताटकळत उभा.

चहा_साखर_कमी:
पावणं, ती कविता टाका की इथं.

कडोलीचा_पावणा:
बिल मिळालं, आता धार गेली तिची.

चहा_साखर_कमी:
संमेलनावरनं आठवलं. १९४६ ला बेळगावात साहित्य संमेलन झालं, माडखोलकर अध्यक्ष, संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला तो तिथंच. आमचे आजोबा तेव्हा पोरगे, मांडवात पाणी वाटायला होते. साहित्याचा कुठलाही विषय काढा, आजोबा फिरून त्या घागरीपाशी यायचे. ठराव काय होता ते आम्ही पुस्तकात वाचलं, घागर किती जड होती ते मात्र घरात सगळ्यांना पाठ.

निपाणीची_सून:
मी अजून गेलेच नाही कुठं, म्हणून अनुभव नाही 🙏 कुकर लावून वाचत बसलेय सगळं. आमच्या सासूबाई विड्या वळता वळता ओव्या जुळवतात, मी गुपचूप लिहून ठेवते. त्या वाचल्या तर चालतील का, का स्वतःचंच लागतं? आणि बेळगावात दुपारचं काही भरतंय का, संध्याकाळचं नको, बस चुकते.

मलप्रभाकाठ:
वहिनी, चालतंय की! सासूबाईंनाच घेऊन या. सार्वजनिक वाचनालयात विचारून बघा, १८४८ पासूनचं आहे, तिथल्या लोकांना कुठं काय भरतंय ते माहीत असतं.

निपाणीची_सून:
सासूबाई म्हणतात येते, पण स्टेजवर बसणार नाही आणि फोटो काढायचा नाही.

अनगोळची_पोर:
स्टेज कुठलं आलंय वहिनी, सतरंजी असते. गुडघे दुखत असतील तर खुर्ची सांगून ठेवते.

कडोलीचा_पावणा:
आणि बस चुकली तर कोल्हापूरच्या गाडीत बसा, निपाणीला उतरता येतंय.

चहा_साखर_कमी:
सगळ्या गाड्या स्टँडात जात नाहीत हां, काही हायवेवरच उतरवतात. चढायच्या आधी कंडक्टरला विचारा.