रात्रीचं जेवण सोडू नकोस
बाळ तीन महिन्यांचं, अंगावर पाजतेस आणि वजनासाठी रात्रीचं जेवण बंद करू का विचारतेस? नको गं. दूध तयार व्हायलाच दिवसाला साधारण 400-500 कॅलरी लागतात, उपाशी राहून तूच गळून जाशील. माझ्याकडे खरा घोळ डिंकाच्या लाडवांचा होता. सकाळी दोन, संध्याकाळी दोन, आणि सासूबाई डबा रिकामा होऊच देईनात! मी एकावर आणले. पहाटे पाजताना भूक लागायची, तेव्हा उशाशी भाजलेले चणे. बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी डॉक्टरांना विचारून बाळाला पोटाशी बांधून ठाण्याच्या तलावपाळीला, तळ्याकाठी, एक फेरी, तीही हळूहळू. आठवड्याला अर्ध्या किलोहून जास्त घाई नको. जुन्या जीन्समध्ये शिरायला मला अकरा महिने लागले, आणि बसलं की बटण अजून टोचतंच.