मिनिएचरमधला पूर खेळण्यातला दिसतो, काय चुकतंय?

संत्री_फ्रेम
शॉर्टफिल्मसाठी पुराचा सीन करून राहिलो. 2023 च्या सप्टेंबरात नागपूरचा अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला तशी रात्र, घरात पाणी शिरतं, मागची भिंत कोसळते. मॉडेल 1:24 (खऱ्याच्या 24 वा भाग), थर्माकोलची 5 इंची भिंत, वरून दोन बादल्या पाणी, मोबाइलवर सेकंदाला 30 फ्रेम. भिंत तुटायच्या ऐवजी तरंगत जाते आणि थेंब भलते मोठे दिसतात. मोबाइलला 240 फ्रेम आहेत, त्याने भागेल का?

रीळवाला
नाही भागणार. वेग स्केलच्या वर्गमुळाने कमी करायचा असतो. 24 चं वर्गमूळ 4.9, म्हणजे सेकंदाला 24 फ्रेमने दाखवायचं तर शूट साधारण 118 फ्रेमने हवं. 240 ने विटा चंद्रावर पडल्यासारख्या पडतील.

पण खरी अडचण पाण्याची. मॉडेल लहान केलं म्हणून थेंब लहान होत नाही, पृष्ठताण त्याला त्याच्याच मापात ठेवतो. 1:24 वर 3 मिमीचा थेंब पडद्यावर 7 सेंमीचा, म्हणजे चक्क संत्र्याएवढा! पाणी असेल तिथे मॉडेल मोठंच लागतं. 1:6 घ्या, 10 फुटी भिंत 20 इंचांची होईल. तेवढ्यावरून वीट 0.32 सेकंदात पडते, 60 फ्रेमने शूट करून 24 वर चालवली की 0.8 सेकंद. खऱ्या भिंतीवरूनही तेवढाच वेळ लागतो.

साचा_आणि_माती
थर्माकोल फेका. पीओपीत बारीक रेती घालून विटा ओता, दीड इंच लांब, अर्धा इंच जाड. रबरी साचा नागपूरच्या चितार ओळीत कुणा मूर्तिकाराला विचारा, त्यांचा तो रोजचा धंदा आहे. अख्खी भिंत विटांची कराल तर 800 च्या आसपास लागतील. त्यापेक्षा तुटणारा 12 इंचांचा पट्टाच विटांचा ठेवा (320 पुरतात), बाकी पीओपीची पाटी करून तिच्यावर खाचा पाडा.

जोडायला सिमेंट अजिबात नको, भिंत एकसंध पाटीसारखी आडवी होते. लहान मॉडेल वजनाच्या मानाने फार मजबूत असतं, त्याला मुद्दाम कमजोर करावं लागतं. नुसती पातळ माती लावा. खालच्या दोनतीन विटांना मासेमारीची नायलॉन दोरी बांधून मागून ओढा. पाण्याच्या भरवशावर टायमिंग जमत नाही भाऊ.

रीळवाला
पाणी बादलीने नको. 200 लीटरचा ड्रम उंचावर ठेवून रुंद पत्र्यावरून एकदम लोटा. पाण्यात पिवळी माती कालवा, गढूळ पाण्यात थेंबांची चमक मरते. भांड्यांचं लिक्विड दोन चमचे टाकलं तर थेंब थोडे बारीक फुटतात, जास्त झालं की फेस येतो आणि मग सीन धोबीघाटावरचा वाटतो.

संत्री_फ्रेम
आणि लाइट? एलईडी लावला की फ्लिकर येतो, चित्र लुकलुकतं.

रीळवाला
आपली वीज 50 हर्ट्झची, दिवा सेकंदाला 100 वेळा धडधडतो. शटर 1/100 वर लॉक करा, एक्स्पोजरही. लाइट मागून, उंचावरून. मोबाइल जमिनीपासून 10 इंचांवर, म्हणजे 5 फुटांवरच्या नजरेचा सहावा भाग. पोर्ट्रेट मोड बंदच. मागचं धूसर झालं की बघणाऱ्याला लगेच खेळणं कळतं.

साचा_आणि_माती
दिवे पाण्यापासून 8 फूट लांब आणि लाइन ईएलसीबीवरूनच (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) घ्या. एक्स्टेंशन बोर्ड जमिनीवर ठेवू नका, 200 लीटर पाणी कुठे जाईल सांगता येत नाही.