शब्दचर्चा: 'हरितगृह वायू उत्सर्जन', 'मापन' आणि 'निव्वळ शून्य'

मराठीवाली: आमच्या सोसायटीने (कोथरूड) वीज, गॅस, पेट्रोल यांतून होणाऱ्या कार्बनचा हिशेब ठेवायचं ठरवलंय. इंग्रजी पत्रक मराठीत करून फलकावर लावायचं काम अर्थातच माझ्या गळ्यात पडलं. मी मथळा केला, 'हरितगृह वायू उत्सर्जनाचे मापन व न्यूनीकरण'. सासूबाईंनी चष्मा लावून वाचला आणि विचारलं, "कुणाचं हरितगृह? तळेगावच्या गुलाबवाल्यांचं? आणि उत्सर्जन ते मूत्रपिंडाचं ना?" त्या शाळेत विज्ञान शिकवायच्या, त्यामुळे ही थट्टा होती की तोंडी परीक्षा, कळलं नाही. शब्दाला शब्द ठेवलाय, पण पोचत एकही नाही. काय करू?

मावळमाळी: सासूबाईंना पूर्ण गुण. आमच्याकडे 'पॉलिहाउस' म्हणतात, 'हरितगृह' निघतं ते अनुदानाच्या कागदपत्रांत. आणि उपमाही जरा लंगडीच आहे. पॉलिहाउस तापतं ते मुख्यतः आतली गरम हवा वर निघून जात नाही म्हणून. बाजूचे पडदे गुंडाळले की बघता बघता गारवा येतो. वातावरणाला असे पडदे नाहीत. तिथे जमिनीकडून वर जाणारे अवरक्त (उष्णतेचे, डोळ्यांना न दिसणारे) किरण कार्बन डायऑक्साइड, मिथेन, वाफ हे वायू शोषतात आणि त्यातला काही भाग परत खाली येतो. वुड नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९०९ मध्येच काचेच्या पेटीचा प्रयोग करून हा फरक दाखवला होता. नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच.

मराठीवाली: शिवाय 'हरित ऊर्जा' चांगली, 'हरित इमारत' चांगली, आणि 'हरितगृह वायू' तेवढे वाईट! शेजारच्या काकांना वाटलं हे वायू सोसायटीने वाढवायचे आहेत.

नारायणपेठी: 'उत्सर्जना'ला नावं ठेवू नका, खानदानी शब्द आहे. धातू सृज्, सोडणे किंवा निर्माण करणे. त्याच धातूचे सर्ग, निसर्ग, संसर्ग, विसर्ग आणि आपलं लाडकं विसर्जन. म्हणजे निसर्ग आणि उत्सर्जन सख्खी भावंडं! भौतिकशास्त्रात प्रकाशाचंही उत्सर्जनच होतं आणि 'किरणोत्सर्ग' तर वर्तमानपत्रात कुणालाही अडत नाही. शाळेत तो शब्द मूत्रपिंडाच्या धड्यात भेटतो हा शब्दाचा दोष नव्हे. मूत्रपिंडही नको ते बाहेरच टाकतं.

भोसरीकर: मी कारखान्यात हेच आकडे भरतो. माझी हरकत 'मापना'ला. मापन म्हटलं की वाचक यंत्र शोधतो. इथे यंत्र कुणी लावत नाही, आपण बिलं गोळा करतो आणि गुणाकार करतो. जेवढं जाळलं, गुणिले एमिशन फॅक्टर, म्हणजे दर लिटर, किलो किंवा युनिटमागे किती वायू निघतो तो आकडा. पेट्रोल लिटरला साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड, डिझेल २.७, स्वयंपाकाचा गॅस किलोला ३, आणि आपल्या ग्रिडची वीज युनिटला सुमारे ०.७. एखाद्या घरात महिन्याला १५० युनिट, एक सिलिंडर (१४.२ किलो) आणि दहा लिटर पेट्रोल लागतं असं धरा. विजेचे १०५ किलो, गॅसचे सुमारे ४३, स्कूटरचे २३. सगळे स्कूटरला शिव्या देतात आणि वीज मान खाली घालून निसटते. म्हणून शब्द हवा 'हिशेब'. मापन करतात ते सिंहगडावर.

नारायणपेठी: सिंहगडावर?

भोसरीकर: पाषाणच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेवाल्यांनी गडावरच्या हवेतला कार्बन डायऑक्साइड खरोखर मोजलाय. दहा लाख भागांत किती भाग, असा आकडा येतो. त्याला 'प्रमाण' म्हणा. प्रमाण म्हणजे हवेत आहे किती, उत्सर्जन म्हणजे आपण ओतलं किती. बातमीत या दोन्हींची सर्रास खिचडी होते.

एक शंका: लिटरभर पेट्रोलचं वजनच पाऊण किलो. त्यातून २.३ किलो वायू निघणार कसा? छपाईची चूक?

भोसरीकर: नाही. कार्बनचा १२ भार हवेतल्या ऑक्सिजनच्या ३२ भाराला धरून ४४ होतो. लिटरमध्ये कार्बन साधारण ६३० ग्रॅम, बाकी वजन हवेतून येतं.

एक शंका: मग पीयूसी कशाला काढतो आपण?

भोसरीकर: पीयूसीत पेट्रोलच्या गाडीला मर्यादा असते ती कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बनची, डिझेलला धुराच्या काळेपणाची. कार्बन डायऑक्साइडच्या जोरावर गाडी नापास होत नाही. उलट इंधन नीट जळलं की तोच जास्त निघतो. म्हणून 'प्रदूषण' आणि 'उत्सर्जन' एकाच अर्थी वापरू नका.

नारायणपेठी: आता 'न्यूनीकरण' खोडा आधी. 'कपात' आहे ना! पाणीकपात कळते ते पुणेकराला हेही कळेल. पण 'घट' आणि 'कपात' यांत गोंधळ नको. घट होते, कपात करावी लागते. २०२० च्या टाळेबंदीत जगाच्या उत्सर्जनात घट झाली, कपात कुणी केली नव्हती. 'शमन' असाही सरकारी शब्द फिरतो, पण तो वाचला की मला अग्निशमन दलाचा बंबच दिसतो.

आणि खरा घोळ 'निव्वळ शून्य'चा. २०२१ साली ग्लासगोत भारताने २०७० चं 'नेट झिरो' जाहीर केलं, ते मराठीत 'निव्वळ शून्य' झालं. हिशेबवहीत 'निव्वळ नफा' म्हणजे खर्च वजा जाता उरलेला, तिथे शब्द चोख. पण बोलण्यात 'निव्वळ मूर्खपणा' म्हणजे शंभर टक्के मूर्खपणा! म्हणजे 'निव्वळ शून्य' वाचणाऱ्याला वाटतं, काहीच सोडायचं नाही. मुळात अर्थ असा की जेवढं सोडाल तेवढं झाडं, माती, यंत्रं यांनी शोषूनही घ्यायचं. माझ्या मते 'जमाखर्च शून्य' म्हणावं.

भोसरीकर: 'तीव्रता'ही सांभाळा. २००५ च्या तुलनेत २०३० पर्यंत ४५ टक्के कमी करायची आहे ती जीडीपीच्या प्रत्येक रुपयामागची उत्सर्जनाची तीव्रता. 'भारत उत्सर्जन ४५ टक्क्यांनी घटवणार' असा मथळा मी स्वतः पाहिलाय.

मावळमाळी: हिशेबाला 'कर्ब' जोडा, म्हणजे कार्बनच. 'सेंद्रिय कर्ब' माती परीक्षणामुळे शेतकऱ्याच्या तोंडी आहे. 'पदचिन्ह' (कार्बन फूटप्रिंटचं भाषांतर) वगैरे देवघरात ठेवा. फक्त युरियातून निघणाऱ्या नायट्रस ऑक्साइडमध्ये कर्ब नसतो, हे आधीच कबूल करतो.

नारायणपेठी: चालेल. तो शंभर वर्षांच्या हिशेबात किलोला २७३ किलो कार्बन डायऑक्साइडइतका धरतात, म्हणजे कर्बाच्याच चलनात मांडतात. रुपयांच्या वहीत डॉलर लिहितो तसंच.

मराठीवाली: झालं ठरलं. मथळा: 'आपल्या सोसायटीचा कर्बहिशेब'. खाली 'किती वायू सोडतो, किती कपात करू'. 'हरितगृह वायू' एकदाच, तळटिपेत.

मराठीवाली: दुरुस्ती. सासूबाई म्हणाल्या, "'किती वायू सोडतो' हे ज्येष्ठ नागरिक कट्ट्यासमोरच्या फलकावर लावणार आहेस?" 'किती बाहेर टाकतो' केलंय.